शनिवारची बैठक की ऑक्टोबरचा मेळा? केजन-क्रिओल संगीत नक्की कुठे जगतं?

बायूकाठी

अमेरिकेतल्या लुइझियानात, लाफायेटला राहायला येऊन मला बारा वर्षं झाली. केजन म्हणजे कॅनडातून हाकलल्या गेलेल्या फ्रेंचभाषकांचे इथले वंशज, आणि क्रिओल म्हणजे इथले फ्रेंच बोलणारे कृष्णवर्णीय. त्यांच्या संगीताचा मेळा ऑक्टोबरात भरतो. दर सप्टेंबरात डॅलस-ह्यूस्टनच्या मित्रमंडळींचे फोन सुरू होतात. ‘ऑक्टोबरच्या फेस्टिव्हलला येतोय, कोणाला ऐकायचं, काय खायचं?’ मी सगळ्यांना एकच सांगतो: ऑक्टोबर सोडा, कुठल्याही शनिवारी सकाळी नऊला युनिसला चला. गेल्या आठवड्यात आमच्या घरी जेवताना यावरून चांगलाच वाद झाला. तो अर्धवट राहिला म्हणून इथे मांडतो.

युनिस म्हणजे लाफायेटहून पाऊण तासावरचं, भातशेतीच्या पट्ट्यातलं छोटं गाव. तिथे मार्क सॅव्हॉय यांचं १९६६ पासूनचं दुकान आहे. ते स्वतः अकॉर्डियन बनवतात. शनिवारी सकाळी दुकानातच खुर्च्या गोल मांडल्या जातात आणि ज्याला वाजवता येतं तो वाजवतो. माइक नाही, स्टेज नाही, तिकीट नाही. येताना कोणी बूदाँ घेऊन येतं. भात, डुकराचं मांस, कलेजी आणि कांदा भरलेलं हे सॉसेज कागदात गुंडाळून कडेला ठेवलेलं असतं, ज्याला भूक लागेल त्याने उचलावं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐंशीच्या पुढचे एक आजोबा फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवत होते. त्यांच्या शेजारी बारा वर्षांची एक मुलगी आपलं फिडल घेऊन बसली होती. ती आजोबांच्या डाव्या हाताच्या बोटांवरून नजर हलवत नव्हती. चुकली की थांबायची, चाल फिरून तिथे आली की पुन्हा पकडायची. तिला कोणी काही सांगत नव्हतं. बारा वाजेपर्यंत एक अख्खी वॉल्ट्झ तिच्या हातात बसली होती. आमच्या आजोळी भजनाला बसून मी टाळ शिकलो, तो असाच.

या बैठकीला शिस्त असते. अकॉर्डियन एका वेळी एकच. केजन अकॉर्डियनला उजव्या हाताला दहा बटणं असतात, ते एकाच पट्टीत बांधलेलं असतं आणि आवाज इतका खणखणीत, की दोन वाजली तर फिडल बुडून जातात. भाता दाबला की एक सूर आणि ओढला की त्याच बटणाचा दुसरा, त्यामुळे लय हाताच्या ओढीतच असते. लोखंडी त्रिकोण, ज्याला इथे ‘ती फेर’ म्हणतात, तोही एकच. पूर्वी तो गवत ओढायच्या दंताळ्याचे दाते वाकवून करत. नवख्याने मागच्या रांगेत बसायचं, हळू वाजवायचं, ऐकायचं.

फेस्टिव्हलमध्ये यातलं काय असतं? लोक हातात ताटली घेऊन स्टेजकडे तोंड करून उभे असतात. दोन वर्षांपूर्वी मी बायको-मुलांना घेऊन एका तिकीट लावलेल्या खाद्यमेळ्याला गेलो होतो. नाव सांगत नाही. मुठीएवढ्या कपात गंबो हा दाट रस्सा, आणि क्रॉफिशच्या (गोड्या पाण्यातला छोट्या शेवंडासारखा जीव) एतूफेमध्ये, म्हणजे भातावरच्या दाट कालवणात, गोठवून आलेलं परदेशी मांस. आजूबाजूच्या खाचरांत क्रॉफिश वळवळत असताना! चीनमधून इतकं स्वस्त मांस येत होतं, की १९९७ मध्ये अमेरिकी सरकारला त्यावर जादा आयातशुल्क लावावं लागलं. तरी ‘केजन’ नावाच्या ताटात तेच.

माझं म्हणणं एवढंच: फेस्टिव्हल ऐकणारे आणि खाणारे तयार करतो, बैठक वाजवणारे तयार करते. पैसा, जाहिरात, कौतुक सगळं पहिल्याकडे जातं, आणि परंपरा दुसरीमुळे चालते.

ह्यूस्टनकर

अजिबात पटलं नाही. तुम्ही ज्या बैठकीचं वर्णन केलंत ती आज भरलेली दिसते, कारण फेस्टिव्हलने आधी लोकांची मान वर केली.

१९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानातल्या शाळा फक्त इंग्रजी केल्या. शाळेच्या आवारात फ्रेंच बोललेल्या मुलांकडून ‘मी पुन्हा फ्रेंच बोलणार नाही’ अशा ओळी शंभर-शंभर वेळा लिहून घेतल्या जात. त्या मुलांनी पुढे आपल्या पोरांशी घरात इंग्रजीच धरली. बापाची भाषा गावंढळ, म्हणून बापाचं गाणंही गावंढळ. १७५५ मध्ये आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हाकलली गेलेली, देशोधडीला लागूनही भाषा न सोडलेली ही माणसं. त्यांनी ती आपल्या अंगणात सोडली.

मग १९६८ मध्ये फ्रेंच भाषेसाठी ‘कोडोफिल’ ही सरकारी संस्था निघाली आणि २६ मार्च १९७४ च्या रात्री लाफायेटच्या ब्लॅकहॅम कोलिझियममध्ये या संगीताचा पहिला मोठा सन्मानसोहळा झाला. पावसात हजारो माणसं आली. आज जिरार्ड पार्कमध्ये ऑक्टोबरात भरतो तो ‘फेस्टिव्हाल्स आकादिएन्स ए क्रेओल’ हा त्याचाच वंशज, आणि तो आजही फुकट आहे. त्याला तुमच्या तिकीटवाल्या मेळ्याशी एका ओळीत बसवू नका.

ड्यूई बाल्फाचं उदाहरण घ्या. शाळेची बस चालवणारा फिडलर. १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलला गेला, तिथे हजारो परक्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. परत आला तो त्या टाळ्यांचा पडसाद आपल्या गावात उमटवायचा असं ठरवूनच. घरातल्या बैठकीत ते बळ नव्हतं. बैठका तेव्हाही होत्या ना? मग तरुण पोरं तिकडे का फिरकत नव्हती?

बायूकाठी

१९७४ चा दाखला तुम्ही दिलात ते बरं झालं. त्या रात्रीची एक गोष्ट तुम्ही सोडलीत. आयोजकांनी नाच मुद्दाम ठेवला नव्हता. नाचाला गेलं की गाणं मागे वाजत राहतं, म्हणून लोकांना खुर्च्यांवर बसवलं, की यांनी हे एकदा नीट ऐकावं. मला तर तो कार्यक्रम फेस्टिव्हलपेक्षा बैठकीच्या जवळचा वाटतो.

आणि बाल्फा नुसता स्टेजवर राहिला नाही. तो शाळाशाळांत फिडल घेऊन गेला. स्टीव्ह रायलीसारखी मुलं त्याच्या सोबत बसून वाजवायला शिकली. टाळ्या न्यूपोर्टच्या असतील, शिकवणी गुडघ्याला गुडघा लावूनच झाली.

सुगरण

खाण्याबद्दल मला बोलायचं आहे, कारण या धाग्यात त्याला नुसतं गिऱ्हाइकीचं काम दिलंय.

क्रॉफिश हे इथे गरिबाचं खाणं होतं. आपल्याकडे भातखाचरातले खेकडे जसे घरात चवीने खायचे, पण पाहुण्यापुढे ठेवायचे नाहीत, तसं काहीसं. १९५९ मध्ये विधिमंडळाने ब्रो ब्रिज गावाला क्रॉफिशची राजधानी म्हटलं आणि १९६० मध्ये तिथे क्रॉफिश फेस्टिव्हल सुरू झाला. ज्या खाण्याची लाज वाटत होती ते गावाने चौकात मांडलं. भात कापून झाला की त्याच शेतात पाणी भरून क्रॉफिश वाढवतात, म्हणजे एका जमिनीत दोन उत्पन्नं. २०२३ च्या दुष्काळाने ती तळी वाळली आणि पुढच्या वसंतात भाव आभाळाला भिडले, तेव्हा किती कुटुंबं यावर उभी आहेत ते दिसलं. हे गिऱ्हाईक दुकानातल्या बैठकीने आणलं नसतं.

बायूकाठी, तुमच्या त्या कपातल्या गंबोचं मात्र मलाही वाईट वाटलं. पीठ तेलात मंद आचेवर परतत, पळी न सोडता चॉकलेटी रंगावर आणायचं, त्याला रू म्हणतात. क्षणभर नजर हटली की करपतं आणि सगळं टाकून पुन्हा सुरुवात. हे तासभर उभं राहून शिकायचं काम आहे. विकत घेऊन ते कळत नाही, एवढं तुमचं मान्य.

निळीशाई

तिघांचंही वाचलं. ‘हे संगीत’, ‘ही परंपरा’ असं सगळे म्हणताय. कोणाची?

आमेदे आर्द्वाँ हा कृष्णवर्णीय क्रिओल अकॉर्डियनवादक. १९२९ मध्ये त्याने डेनिस मगी या गोऱ्या फिडलरबरोबर रेकॉर्ड केलं. आज युनिसच्या दुकानात अकॉर्डियन ज्या वळणाने वाजतं, त्यातलं बरंच या माणसाचं आहे. आयरी लज्यून त्याच्या रेकॉर्ड ऐकून शिकला आणि त्याच्यामागून एक पिढी. या आमेदेला गोऱ्यांच्या घरच्या नाचात वाजवताना घाम पुसायला घरातल्या बाईने रुमाल दिला, म्हणून बाहेर गाठून मरणाचं मारलं, असं त्या भागात आजही सांगतात. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात तो गेला. त्याच्या कबरीवर नाव नाही.

म्हणजे त्या काळात क्रिओल माणूस गोऱ्यांच्या घरी वाजवायला चालत होता, बसायला नाही. बायूकाठी, तुमची गोल मांडलेली खुर्च्यांची बैठक मला आवडते, पण ‘जो येईल तो बसेल’ हे सगळ्यांच्या बाबतीत नेहमी खरं नव्हतं.

ह्यूस्टनकर, तुमच्या फेस्टिव्हलचंही तेच. १९७१ मध्ये विधिमंडळाने २२ परगण्यांना ‘अकेडियाना’ नाव दिलं, केजनांच्या अकेडियन पूर्वजांवरून. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे क्रिओल त्या नावात कुठे आहेत? जिरार्ड पार्कच्या उत्सवातही ‘ए क्रेओल’ हे शब्द मागाहून जोडले गेले. आपलं संगीत दुर्लक्षित राहून मरेल या धास्तीने ऑपलूससजवळच्या प्लेझान्समध्ये १९८२ मध्ये क्रिओल शेतकऱ्यांच्या पुढाकाराने झायडेकोचा, म्हणजे क्रिओलांच्या अकॉर्डियनवरच्या संगीताचा, स्वतंत्र उत्सव सुरू झाला. शेतात, कडक उन्हात. म्हणून फेस्टिव्हल नकोच, असं मी कधी म्हणणार नाही. ज्यांना दुसऱ्यांच्या अंगणात जागा नव्हती त्यांनी तो स्वतः मांडला.

आणि झायडेको मुळात गोल बसून शिकायचं संगीत नाही. ते नाचाचं आहे. क्लिफ्टन शेनिए पियानो अकॉर्डियन वाजवायचा, शेजारी त्याचा भाऊ क्लीव्हलँड छातीवर पत्र्याचा फ्रोतवार अडकवून ओपनरने घासायचा. कपडे घासायच्या फळीचं ते रूप, खांद्यावर अडकवता येईल असं, क्लिफ्टननेच करवून घेतलं. त्याच्यामागे त्याच्या मुलाने बँड चालवला. ह्यूस्टनच्या कॅथलिक चर्चच्या हॉलांमध्ये शनिवारी रात्री झायडेको नाच व्हायचे, पोरं तिथेच आईबापांच्या पायात घुटमळत ताल शिकली. आज घोड्यांच्या ट्रेल राइड निघतात, दिवसभर रपेट आणि संध्याकाळी बँड. हीसुद्धा शाळाच आहे, बायूकाठी. तिला खुर्च्या नाहीत एवढंच.

पेटीवाला

गेली दोन वर्षं मी युनिसला अधूनमधून हार्मोनियम घेऊन जातो. पहिल्या दिवशी मागे बसलो, नुसता षड्ज धरला. मध्यंतरात एका काकांनी येऊन भाता उघडून बघितला. दोन्हींत धातूची पाती, दोन्हींत हवा, दोन्ही एकोणिसाव्या शतकात युरोपातून निघालेली. त्यांना फार आनंद झाला, मलाही. वादात मी बायूकाठींच्या बाजूने. स्टेजसमोर उभा राहिलो असतो तर माझी पेटी कोणी उघडून पाहिली नसती.

ह्यूस्टनकर

निळीशाई, तुमचा मुद्दा माझ्याही विरुद्ध आहे हे समजलं आणि तो बरोबर आहे. आय-१० महामार्गावरून जाता-येता मी वीस वेळा ऑपलूससच्या फाट्याजवळून गेलो असेन, प्लेझान्सला एकदाही वळलो नाही.

पण बायूकाठी, एक गोष्ट मी सोडणार नाही. वादक जगायला हवेत. बैठकीत बूदाँ मिळतं, बिदागी मिळत नाही. बूदाँवर घरभाडं भागत नाही. २००८ मध्ये केजन-झायडेकोला ग्रॅमीचा स्वतंत्र विभाग मिळाला आणि चार वर्षांत तो बंद करून सगळ्या प्रांतीय संगीतात मिसळून टाकला. अशा वेळी ऑक्टोबरातलं एक मानधन तरुण वादकाला मोठं असतं. आणि लाफायेटचा ब्लॅकपॉट मेळा तुम्ही विसरलात. २००६ पासून तिथे लोक तंबू ठोकून राहतात, लोखंडी काळ्या भांड्यांत रांधायची स्पर्धा असते आणि रात्रभर तंबूतंबूंत वाजवणं चालतं. तो तुमच्या कुठल्या खान्यात बसतो?

बायूकाठी

ब्लॅकपॉट माझ्याच खान्यात. तिथे येणारा अर्धा माणूस वाद्य घेऊन आणि अर्धा भांडं घेऊन येतो, नुसता ताटली घेऊन कोणी येत नाही. बूदाँ मुळात कुठून आलं बघा. फ्रीज नव्हते तेव्हा शेजारची घरं पाळीपाळीने डुक्कर कापायची, कारण एका घराला ते खराब व्हायच्या आत संपत नसे. त्याला बूशरी म्हणत. मांस वाटून जायचं आणि उरलंसुरलं भाताबरोबर आतड्यात भरलं जायचं. ज्याने हात लावला त्याला वाटा. मला फेस्टिव्हलमधून एवढंच परत हवं आहे.

बिदागीचं तुमचं म्हणणं खरं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निळीशाई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. इतकी वर्षं मी ‘दार सगळ्यांना उघडं’ असं अभिमानाने सांगत आलो. आत कोण बसलंय हे बघत होतो, कोण आलंच नाही हे मोजलं नव्हतं. माझा मुद्दा मी केजन फिडल आणि अकॉर्डियनपुरता ठेवतो. झायडेकोबद्दल बोलण्याआधी मला एखाद्या ट्रेल राइडला जायला हवं.

निळीशाई

चला की. ओळखीचं एक कुटुंब दरवर्षी घोडे काढतं. घोड्यावर बसता येत नसेल तर मागे ट्रॅक्टरची गाडी असते. आणि वाटेत सेंट लँड्री परगण्याच्या पर्यटन केंद्रापाशी थांबू. तिथे २०१८ मध्ये आमेदेचा पुतळा बसवला आहे.

ह्यूस्टनकर

मलाही घ्या. ऑक्टोबरला मी सहकुटुंब येतोच आहे, जिरार्ड पार्कसाठी.

बायूकाठी

या. आमच्याकडेच उतरा, हॉटेल नको. फक्त शनिवारी सकाळी आठला गाडी युनिसकडे निघेल, पोरांना उठवून ठेवा. पार्कात दुपारी जाऊ. सुगरण, रू करपू न देणारं कोणी आमच्या घरात नाही, तुम्हीही या.