बुद्धिबळाची कोडी सुटतात, पण प्रत्यक्ष डावात तसे डावपेच साधत नाहीत. सराव कसा बदलावा?

प्रश्न : ओलितकरी (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. मी शेती करतो आणि गेली दोन वर्षे लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर नियमित खेळतो. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत कृषिपंपाची वीज काही आठवडे रात्रीची असते, तेव्हा तुषार संचाचे पाइप एकदा लावल्यावर ते पुढे सरकवण्याची वेळ होईपर्यंत मी मोबाइलवर कोडी सोडवत बसतो. एका रात्रीत चाळीस-पन्नास कोडी होतात. कोड्यांचे माझे रेटिंग १८५० पर्यंत पोहोचले आहे, परंतु दहा मिनिटांच्या डावांचे रेटिंग आठ महिन्यांपासून १४०० च्या आसपासच आहे.

मागच्या आठवड्यातला एक डाव सांगतो. काळ्याने किल्लेकोट केला होता (राजा व हत्तीची एकत्र चाल करून राजा कोपऱ्याकडे नेला होता) आणि माझा उंट एच७ च्या प्याद्यावर रोखलेला होता (पटाच्या उभ्या ओळी ए ते एच आणि आडव्या १ ते ८, त्यावरून घराचे नाव). उंट देऊन शह द्यायचा, राजाने उंट मारला की घोडा जी५ वर आणून पुन्हा शह द्यायचा आणि राजा मागे गेला की वजीर एच५ वर नेऊन एच७ वर मात करण्याची धमकी द्यायची, हा क्रम मी कोड्यांमध्ये अनेकदा पाहिलेला असल्यामुळे फारसा विचार न करता उंट दिला. परंतु वजीर एच५ वर पोहोचताच काळ्याचा डी७ वरचा घोडा एफ६ वर आला, त्याने एच७ हे घर राखले आणि माझ्या वजिरावरही हल्ला केला. एका प्याद्याच्या बदल्यात उंट गेला आणि डावही गेला. कोडी सोडवण्याची माझी पद्धत कोठे चुकत आहे, हे कृपया सांगावे.

उत्तर १ : फळा-खडू (सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या शाळेतील मुलांनी मधल्या सुटीत पट मांडायला सुरुवात केली असून त्यांना शिकवताना मला जे दिसले ते सांगतो.

मुले कोड्याचे उत्तर पाठ करतात, पण ते का लागू पडते हे पाठ होत नाही. कोपऱ्यातल्या राजाची घोड्याने होणारी मात घ्या. काळा राजा एच८ वर, त्याची प्यादी जी७ आणि एच७ वर, हत्ती एफ८ वर. पांढरा घोडा एच६ वर आणि वजीर सी४ वर. वजीर जी८ वर टाकून शह दिला की तो हत्तीनेच मारावा लागतो, आणि मग घोडा एफ७ वर येऊन मात होते. मी मुलांना विचारतो की राजा स्वतःच वजीर का मारत नाही? एच६ वरच्या घोड्याने जी८ राखले आहे, हे उत्तर ज्याला देता आले त्यालाच ती मात समजली. तो घोडा एच६ ऐवजी जी५ वर ठेवला की निम्मी मुले तरीही वजीर फेकतात.

म्हणून माझी सूचना अशी की लिचेसवर काठिण्य एक पायरी खाली आणून एका रात्री एकाच विषयाची वीस कोडी सोडवावीत आणि प्रत्येक कोड्यात कोणते एक मोहरे हलवले असता उत्तर फसेल, हे स्वतःला विचारावे.

उत्तर २ : टपालपेटी (चिखली, जि. बुलढाणा)

गुरुजींचा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. सोप्या कोड्यांच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे, कारण ओलितकरी भाऊंना आकृतिबंध ओळखता येतो, हे त्यांच्या डावावरूनच दिसते. त्यांना अडचण आली ती पडताळणीत.

कोडे समोर आले म्हणजे तीन गोष्टी आपल्याला न विचारताच कळलेल्या असतात : येथे काहीतरी आहे, चाल आपलीच आहे, आणि प्रतिस्पर्ध्याने नुकतीच चूक केली आहे. लिचेसवरील कोडी खऱ्या डावांमधून निवडलेली असतात आणि पडद्यावर आपोआप खेळली जाणारी पहिली चाल म्हणजे बहुधा ती चूकच असते. डावात यांपैकी काहीही कोणी सांगत नाही. त्यामुळे कोड्यात उंट दिला की तो लागू पडणारच, असा भरवसा हाताला जडतो, आणि चुकलेच तर थोडेसे रेटिंग जाते, एवढेच.

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर मी ही सवय मोडण्यासाठी शंभरपानी वही घेतली. कोडे पाहिल्यावर मोबाइल पालथा ठेवायचा, पहिली चाल लिहायची, तिच्याखाली प्रतिस्पर्ध्याची शक्य असलेली सर्व उत्तरे लिहायची, आणि त्यातील सर्वांत त्रासदायक उत्तरापुढे आपली चाल लिहिता आली तरच पडद्याला बोट लावायचे. आपल्या डावात एच५ वर वजीर नेण्यापूर्वी नव्हे, तर उंट देण्यापूर्वीच ‘एच७ चे रक्षण कोण करू शकेल?’ हा प्रश्न लिहिला असता, तर डी७ वरचा घोडा दिसला असता. आपले प्यादे ई५ वर असते तर त्या घोड्याला एफ६ वर येता आले नसते. कोड्यांमध्ये ते प्यादे बहुतेक वेळा तेथे असते आणि आपण त्याच्याकडे पाहतही नाही.

एका रात्री आठ कोडी पुरेत. सुरुवातीला एकेका कोड्याला पंधरा मिनिटे लागतील, ती लागू द्यावीत.

उत्तर ३ : काळी प्यादी (वाशीम)

मी महाविद्यालयात शिकते आणि नागपूर, अमरावतीच्या स्पर्धांना जाते. काकांच्या वहीच्या पद्धतीने माझाही फायदा झाला आहे. त्यात एकच भर घालते. हरलेल्या डावांमधली स्वतःची कोडी करा. डाव संपल्यावर लगेच संगणकाचे विश्लेषण न उघडता, जेथे खेळ उलटला असे वाटते ती स्थिती पटावर मांडून आधी स्वतः विचार करावा आणि नंतरच संगणकाला विचारावे. शक्य असल्यास खरा पट वापरावा, कारण स्पर्धेत तोच समोर असतो. शिवाय दादा, दहा मिनिटांऐवजी पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला दहा सेकंदांची वाढ, असे डाव खेळून पाहा. काकांचा प्रश्न विचारायला घड्याळातही वेळ हवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर, पाच आठवड्यांनंतर : ओलितकरी

गुरुजी, काका, ताई, आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. रात्रीच्या पाण्याच्या आठवड्यांत वही शेतावर नेली, त्यामुळे तिची बरीच पाने ओली झाली आहेत. कोड्यांचे रेटिंग सुरुवातीला १७६० पर्यंत खाली आले आणि मला फार वाईट वाटले, परंतु आता पूर्वीपेक्षा कमी कोडी चुकतात आणि जी चुकतात त्यांचे कारण वहीत लिहिलेले असते.

ताईंच्या सांगण्याप्रमाणे हरलेल्या १४ डावांमधील स्थिती मांडल्या. त्यांतील ९ ठिकाणी मी चांगली चाल पाहिली नव्हती असे नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याच्या, मागे परतणाऱ्या घोड्याकडे किंवा उंटाकडे पाहिले नव्हते. पुढे सरकणारे मोहरे मला दिसते, मागे परतणारे दिसत नाही. काका, परतणाऱ्या मोहऱ्यांची कोडी निवडून सोडवण्याचा काही मार्ग आपल्या माहितीत असल्यास अवश्य कळवावा. तोवर वहीत प्रतिस्पर्ध्याची उत्तरे लिहिताना मागे जाणाऱ्या चाली मी सर्वांत आधी लिहीत आहे.