‘फॉस्टर’ या क्रियापदासाठी मराठी शब्द हवा आहे (‘पोसणे’ सोडून)

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याला राहतो. मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत आणून देण्याचे मी मान्य केले आहे आणि पहिल्याच पानावर अडलो आहे. तेथे ‘फॉस्टर’ हे क्रियापद तीन वेळा येते आणि तिन्ही वेळा त्याचे कर्म निराळे आहे: एकदा मूल, एकदा आत्मविश्वास आणि एकदा परावलंबन.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ अन्न असा होता. ‘फूड’ आणि ‘फॉस्टर’ एकाच मुळातून आलेले आहेत. त्यामुळे ‘पुष्’ धातूवरून आलेले आपले ‘पोसणे’ हे त्याचे सख्खे भावंड वाटते, आणि तेच वापरून मी मोकळा झालो असतो. परंतु हे भाषांतर गोव्यात वाचले जाणार आहे. येथे मराठी वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरी कोकणी बोलली जाते, आणि कोकणीत ‘पोसकें’ हा शब्द आजही जिवंत आहे. गरीब किंवा अनाथ मूल घरात आणायचे, त्याला जेवूखाऊ घालायचे, प्रसंगी घराण्याचे नावही द्यायचे, पण राबवून घ्यायचे मोलकरणीसारखे आणि वारशाची वेळ आली की बाजूला ठेवायचे, असे ते जिणे असे. (1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेत दत्तकाची तरतूदच नव्हती, हेही येथे लक्षात घ्यावे.) ज्या पुस्तिकेने लोकांना परक्या मुलासाठी घर उघडायला सांगायचे, तिच्यात ‘मूल पोसा’ असे छापले, तर वाचकाला नेमके तेच आठवेल. शिवाय मराठीतही माणूस गुंड पोसतो, आयतोबा पोसतो, पांढरा हत्ती पोसतो. या क्रियापदात उपकाराची नाहीतर ओझ्याची छटा उतरलेली आहेच.

‘दत्तक घेणे’ हे तर सरळ चूक ठरेल. 2015च्या बाल न्याय कायद्यात दत्तकविधान वेगळे आहे आणि कलम 44 मधील ‘फॉस्टर केअर’ वेगळी. दत्तक मूल कायद्याने कायमचे त्या घराचे होते. फॉस्टर केअरमध्ये बाल कल्याण समिती मुलाला काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवते. या कायद्याच्या हिंदी पाठात ‘पोषण देखरेख’ असा शब्द आहे, मात्र तो उचलला तर अंगणवाडीतला पोषण आहार डोळ्यांपुढे उभा राहील. ‘जोपासणे’ आत्मविश्वासाला शोभते, पण मुलासाठी ते मला कुंडीतल्या रोपासारखे वाटते.

तरी तिन्ही ठिकाणी चालेल असे एखादे क्रियापद कोणाला सुचत असल्यास कृपया सांगावे.

प्रतिसाद

एकच क्रियापद शोधण्याचा आग्रह सोडावा, असे मी सुचवेन. इंग्रजी ‘फॉस्टर’ कर्माचा बरेवाईटपणा पाहत नाही. ते सलोख्यालाही चालते आणि द्वेषालाही. मराठी क्रियापदे याबाबतीत चोखंदळ आहेत. आपण छंद जोपासतो, आशा बाळगतो आणि भांडणाला खतपाणी घालतो. तेव्हा ‘आत्मविश्वास जोपासणे’ आणि ‘परावलंबनाला खतपाणी घालणे’ असे खुशाल लिहावे.

मुलासाठी मात्र ‘संगोपन’ घ्यावे. त्याच्या मुळाशी ‘गुप्’ म्हणजे रक्षण करणे हा धातू आहे, त्यामुळे अन्नाच्या उपकाराचा प्रश्नच उरत नाही. महाराष्ट्रात ‘बाल संगोपन योजना’ या नावामुळे शब्द रुळलेलाही आहे. गंमत म्हणून सांगतो, संस्कृतात कोकिळेला ‘परभृत’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने वाढवलेला, आणि कावळ्याला ‘परभृत्’, म्हणजे दुसऱ्याला वाढवणारा. सगळा फरक एका हलन्तचिन्हाचा! पुस्तिकेत अर्थात याचा उपयोग नाही.

धागाकर्ता

आभारी आहे. ‘खतपाणी’ लगेच घेतले. ‘संगोपन’ पटते, पण ‘मुलाचे संगोपन करणे’ हे सख्खे आईवडीलही करतातच, त्यामुळे ‘काही काळासाठी’ आणि ‘परक्या घरी’ हे दोन्ही त्यातून निसटते. सध्या मी ‘मूल संगोपनासाठी आपल्या घरी ठेवून घेणे’ असे लिहिले आहे. लांबलचक आहे खरे, परंतु माझ्या आईला ते वाचून दाखवले तेव्हा तिने ‘म्हणजे किती दिवस?’ असे विचारले, आणि पुस्तिकेत पुढचे वाक्य नेमके मुदतीविषयीच आहे. आता अडचण एवढीच उरली आहे की मुखपृष्ठावर त्या क्रियापदाला फक्त दोन शब्दांची जागा आहे. तेवढ्यात बसेल असे काही सुचते का?