मोठ्या माणसांच्या लसी गल्लीतल्या दवाखान्यात का होत नाहीत?

सातारारोड
पावसाळा तोंडावर आलाय म्हणून विषय काढतो. सासरे ६८ वर्षांचे, जुनी शुगर, दर महिन्याला ठरलेल्या डॉक्टरांकडे जातात, डॉक्टर बीपी बघतात, गोळ्या लिहून देतात, घरच्यांची चौकशी करतात, सगळं छान. पण फ्लूची लस घेतली का, न्यूमोनियाची घेतली का हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि हे एकाच डॉक्टरचं नाही, आजूबाजूला विचारून बघा. आपल्याकडे लस म्हणजे बाळाचं कार्ड. मोठ्यांना सरकारी म्हणून मिळतं ते गरोदरपणातलं टीडी (धनुर्वात-घटसर्पाचं), त्यानंतर थेट पायात खिळा घुसला नाहीतर कुत्रं चावलं तरच सुई.

लोकच घेत नाहीत म्हणावं तर तेही खरं नाही. पोरगं एमएसला अमेरिकेला निघालं की युनिव्हर्सिटीचा फॉर्म बघून आईबाप एमएमआर, टीडॅप, मेनिंजायटिस सगळं मुकाट्याने देऊन आणतात. हजला जाणाऱ्यांना मेनिंजायटिसची लस घ्यावीच लागते, त्यांची शिबिरं बरोबर वेळेवर लागतात. म्हणजे तारीख असली आणि कुणीतरी मागे लागलं की होतं. माझं म्हणणं एवढंच की हे मागे लागणं फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात आणा. एप्रिल-मे मध्ये शुगर, दमा, किडनी, हार्टवाल्यांची यादी काढा, कंपाउंडरने फोन करावेत, जेवढे हो म्हणतील तेवढेच डोस मागवा आणि एका रविवारी उरकून टाका.

नानांचा_चष्मा
यादी काढा, फोन करा. हे डॉक्टर करणार का औषध कंपनीचा माल खपवणारा एमआर? नागिणीच्या लसीचा एक डोस दहा हजाराच्या आसपास, असे दोन. टीव्हीवर नट येऊन भीती घालतात. फ्लूची दीड-दोन हजाराला, ती पण दरवर्षी, आणि लसीतला विषाणूचा स्ट्रेन (प्रकार) साथीशी जुळला त्या वर्षी सुद्धा संरक्षण ४० ते ६० टक्के. डॉक्टरनेच लिहायची, डॉक्टरनेच विकायची, डॉक्टरनेच टोचायची, मग पेशंटने भरवसा कुणाच्या तोंडाकडे बघून ठेवायचा? आणि २०२४ ला कोविशिल्डवाल्या मूळ कंपनीने ब्रिटनच्या कोर्टात रक्ताच्या गाठींचं मान्य केलं ते विसरलात वाटतं.

सातारारोड
नाना, ते दुर्मिळ साईड इफेक्टचं २०२१ लाच जाहीर झालेलं, कोर्टाने काही नवीन शोधलं नाही. आणि ४० ते ६० टक्के कमी वाटतात तर सासऱ्यांच्या वयाला शून्य टक्के घेऊन बसू का? पुण्यात २००९ ला देशातला स्वाईन फ्लूचा पहिला बळी गेला तेव्हा मास्कसाठी लाईनी लावलेले आपणच.

डॉ_पेठेतला
मी जीपी, म्हणजे साधा फॅमिली डॉक्टर आहे, दोघांनाही थोडं सांगतो. नाना, विकून मिळतं किती ते आधी ऐका. माझी फी औषधासकट दीडशे. फ्लूचे दहा डोस आणून ठेवले आणि चार उरले तर ते पुढच्या वर्षी चालत नाहीत कारण स्ट्रेन बदलतो, स्टॉकिस्ट परत घेत नाही, म्हणजे महिन्याचं लाईट बिल गेलं. म्हणून आमच्यातले बहुतेक जण चिठ्ठी लिहितात, मेडिकलमधून आणा. मग पेशंट काय करतो, पिशवीत बर्फ, बर्फात व्हायल, वाटेत बँकेचं काम उरकून तासाभराने येतो. २ ते ८ डिग्री म्हणजे गार, गोठलेलं नव्हे. हिपॅटायटिस बी, टीडी, न्यूमोनियाची कॉन्जुगेट लस, यांच्यात ॲल्युमिनियम असतं, एकदा गोठल्या की वाया, आणि नुसतं बघून कळेलच असं नाही. व्हायलवर जो चौकोन असतो तो उष्णतेचं सांगतो, गोठल्याचं सांगत नाही. आणि दवाखान्यातले फ्रीज म्हणाल तर दरवाजात इन्सुलिन आणि खालच्या कप्प्यात कंपाउंडरचा डबा. त्यामुळे सातारारोड, तुमची रविवारची आयडिया मला पटते ती याच कारणाने, माल त्याच दिवशी येतो आणि त्याच दिवशी संपतो. फक्त यादी कुठून काढू? माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, केसपेपर आहेत. शुगरवाल्यांचे वेगळ्या रंगाचे करावे लागतील.

लेस्टरहून_मी
इथे इंग्लंडात सप्टेंबर आला की जीपी सर्जरीतून (दवाखान्याला इथे सर्जरी म्हणतात) मेसेज येतो, शनिवारी फ्लू क्लिनिक, नर्स टोचते, डॉक्टर दिसतही नाही. पासष्टच्या वर फुकट. नागिणीची शिंग्रिक्स २०२३ च्या सप्टेंबरपासून ठरलेल्या वयाला, आरएसव्ही या श्वासाच्या विषाणूची २०२४ पासून. हे सगळं डॉक्टर फार चांगले म्हणून होत नाही हां, प्रत्येक इंजेक्शनमागे एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सर्जरीला ठरलेले पैसे देतं म्हणून होतं. अपॉइंटमेंट मात्र तीन आठवड्यांनी मिळते, ती कथा वेगळी.

नानांचा_चष्मा
बघा, पैसे सरकार देतं. मग इथे पण सरकारनेच करावं, खाजगी दवाखान्याला दुकान कशाला करताय.

पीएचसी_सिस्टर
सरकारी माणूस बोलू का? आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात आयएलआर (लसींचा खास फ्रीज) आहे, डीप फ्रीजर आहे, सकाळ-संध्याकाळ टेंपरेचर लिहितो, स्टॉक ईविन या सरकारी ॲपवर टाकतो, लाईट गेली तर आईस पॅक तयार असतात. म्हणजे कोल्ड चेन शहरातल्या पेठेपेक्षा आमची चांगली, मोठ्यांसाठी लसच येत नाही तो भाग सोडा. बरं यादीचं म्हणाल तर तीही आहे. तिशीच्या वरच्यांचं बीपी-शुगर आम्हीच तपासतो. २०२४ ला निवडक जिल्ह्यांत मोठ्यांचं बीसीजी (टीबीची, बाळांना देतात तीच लस) आलं, तेव्हा साठीच्या वरचे, शुगरवाले, आधी टीबी झालेले, बिडी ओढणारे, अशी नावं घरोघर फिरून काढलीत. लोकांची संमती घेताना तोंडाला फेस आला, ‘बाळाची लस मला कशाला’ हे शंभर वेळा ऐकलं, पण झालं. आता परत नवीन लस, नवीन ॲप, नवीन रजिस्टर म्हणाल तर आधी आशांचे पैसे वेळेवर काढा. कागद भरायला माणूस द्या, टोचायला आम्ही आहोत.

सातारारोड
ताई, २०१५ च्या साथीनंतर राज्याने गरोदर बायका आणि बीपी-शुगरवाल्यांना फ्लूची लस सरकारी दवाखान्यांतून फुकट ठेवली होती ना? आमच्या ओळखीत कुणाला पत्ता नव्हता. म्हणून म्हणतो, अडचण फक्त पैशाची नाही. फुकट ठेवून पण कुणी विचारलं नाही तर कोण येणार.

बीएचएमएस_पण_डॉक्टरच
आमच्या तालुक्याला एमबीबीएस दोन आणि आम्ही तीसेक. लोक रोज आमच्याकडेच येतात. सीसीएमपी, म्हणजे ॲलोपॅथी औषधांचा कोर्स, केलेलं असलं तरी आम्ही होमिओपॅथीवाले म्हणून लसीचा विषय निघाला की सगळे गप्प. एएनएम (सरकारी नर्स) ट्रेनिंग घेऊन रोज टोचते ते चालतं, मग आम्हाला ट्रेनिंग देऊन निदान विचारणं आणि पाठवणं तरी द्या.

डॉ_पेठेतला
डॉक्टर, विचारायला आणि पाठवायला कुणाचीच परवानगी लागत नाही, आजपासून करा. टोचायचं मात्र अंगावर नको. जोराची रिॲक्शन आली तर ॲड्रेनॅलिन हाताशी हवं, ते मांडीत देता यायला हवं आणि टोचल्यावर माणूस अर्धा तास बाकावर बसवायला हवा. हे एमबीबीएसवाल्यांना पण लागू आहे, ‘झालं, निघा’ म्हणणारे बघितलेत मी.

आणि एक बोचरं. आपण सासऱ्यांच्या फ्लूवर भांडतोय, पण सुया उचलणाऱ्या आपल्या कंपाउंडरला, ड्रेसिंग करणाऱ्या मावशींना हिपॅटायटिस बी दिलंय का? शून्य, एक आणि सहा महिन्याला तीन डोस, स्वस्तातली लस, नंतर टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी) १० च्या वर आलं की काम झालं. किती दवाखान्यांत ते झालंय ते डॉक्टर लोकांनी मनात मोजा, इथे लिहू नका.

मधलाच_कुणीतरी
लस घेतल्यावर दारू किती दिवस बंद? मित्रासाठी विचारतोय.

नानांचा_चष्मा
हिपॅटायटिसला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. माझा विरोध न सांगता गळ्यात मारण्याला आहे. दवाखान्याबाहेर बोर्ड लावा. कुठली लस, एमआरपी किती, टोचायची फी वेगळी किती, आणि मुख्य म्हणजे कुणाला गरज नाही ते मोठ्या अक्षरात. सरकारी दवाखान्यात फुकट मिळत असेल तर तेही लिहा. असा बोर्ड लावणारा एक डॉक्टर दाखवा, मग पुढचं बोलू.

डॉ_पेठेतला
बोर्ड लावतो. फुकटच्या ओळीसाठी मनपाच्या दवाखान्यात विचारून घेतो. गरज नसलेल्यांत तुम्हाला धरायचं का ते सांगा, वय किती?

नानांचा_चष्मा
७१. शुगर आहे. बोर्डाचा फोटो टाका आधी.