बाबांची विडी सोडवायची आहे, घरगुती उपायांचा कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बाबा तरुणपणापासून विडी ओढतात. आता जिना चढताना धाप लागते, म्हणून स्वतःहून सोडायला तयार झालेत. पण गोळ्या, निकोटिनचं च्युइंगम काहीच नको म्हणतात, "जे करायचं ते घरच्या घरी." खिशात विडीच्या बंडलाऐवजी भाजलेला ओवा, बडीशेप आणि लवंगेची डबी ठेवलीय. दिवसभर निभतं. खरी पंचाईत सकाळच्या चहानंतर. कप खाली ठेवला की हात आपोआप खिशाकडे जातो आणि चिडचिड सुरू होते. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते म्हणतात. तेवढा वेळ तुमच्या घरी कसा काढलात? चहाच बंद केला का?

एकाने तुळस-पुदिन्याची 'हर्बल' सिगारेट सुचवली. ती मी साफ नाकारली, कारण पाला कुठलाही जाळला तरी धुरात टार आणि कार्बन मोनॉक्साइड असतोच.

अॅक्युपंक्चर किंवा संमोहनाने कुणाची कायमची सुटली आहे का? प्राणायामाचा उपयोग झाला का? आणखी एक, लॅबर्नम झाडापासून मिळणारं सायटिसिन हे औषध पूर्व युरोपात 1960च्या दशकापासून धूम्रपान सोडवण्यासाठी वापरतात. (आपला बहावा वेगळा, आणि लॅबर्नमच्या बिया विषारी असतात, घरी प्रयोग नकोच.) डॉक्टरांच्या सल्ल्याने इथे कुणी घेतलंय का?

1800-11-2356 या सरकारी मोफत हेल्पलाइनवर मराठीत नीट बोलतात का, तेही सांगा. बाबांना हिंदीत मन मोकळं करता येत नाही.