अनुभव धागा : डेस्कटॉपवरचा लॉन्चर अडतो तेव्हा दोष नेमका कुठे असतो?

कीबोर्डवरची दोन बटणे दाबायची, उघडलेल्या चौकटीत प्रोग्रामच्या किंवा फाइलच्या नावाची दोन-तीन अक्षरे लिहायची आणि एंटर दाबून कामाला लागायचे, ही सवय ज्यांच्या हाताला जडली आहे, त्यांना लॉन्चर, म्हणजे हे काम करणारे छोटे ॲप, बंद पडल्यावर किती खोळंबा होतो हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी मिळणारा सल्ला मात्र बहुधा एकच असतो : ॲप काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा. माझ्या मते हा सल्ला क्वचितच कामी येतो. लॉन्चर स्वतः फार थोडे करतो. दाबलेली बटणे त्याच्यापर्यंत पोचवते ती ऑपरेटिंग सिस्टिम, फाइलींची यादी बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या इंडेक्समधून (शोधासाठी आधीच बांधून ठेवलेल्या सूचीतून) येते, परवानग्या तिसरीकडे नोंदलेल्या असतात आणि उरलेले काम प्लगइन, म्हणजे ॲपला जोडलेले छोटे पूरक प्रोग्राम, करतात. शिवाय ॲप काढले तरी त्याच्या सेटिंगचे फोल्डर सहसा जागेवरच राहते, त्यामुळे बिघाड तिथे असेल तर नवे ॲपही त्याच खड्ड्यात जाते.

म्हणून हा धागा काढत आहे. आपल्याकडे काय बिघडले, लक्षण काय दिसले आणि दोष कोणत्या थरात आहे हे आपण कसे ओळखले, ते सविस्तर लिहावे. ॲपच्या नावापेक्षा ऑपरेटिंग सिस्टिम कोणती आणि तपास कसा केला, याचा इतरांना अधिक उपयोग होईल.

सुरुवात मीच करतो. विंडोजवर ऑल्ट आणि स्पेस ही जोडी मुळात चालू खिडकीचा छोटा मेनू उघडण्यासाठी आहे, पण अनेक लॉन्चर तीच आपला शॉर्टकट म्हणून घेतात. एके सकाळी ती दाबल्यावर लॉन्चरऐवजी नुकतेच बसवलेले एक सहायक ॲप समोर आले. विंडोजमध्ये अशी जोडी एका वेळी एकाच प्रोग्रामच्या नावावर नोंदवता येते. दुसऱ्याने मागितली की त्याला १४०९ क्रमांकाची त्रुटी मिळते, आणि ती वापरकर्त्याला ठळकपणे दाखवण्याऐवजी लॉगमध्ये (ॲपच्या नोंदींच्या फाइलीत) लिहून ठेवणारे लॉन्चर मी पाहिले आहेत. संगणक सुरू होताना कोण आधी जागा झाला यावर सारे ठरत असल्याने हा दोष एक दिवस दिसतो आणि दुसऱ्या दिवशी दिसत नाही. मी ट्रेमधल्या (घड्याळाशेजारच्या कोपऱ्यातल्या) चिन्हावर क्लिक करून पाहिले, तर चौकट उघडली आणि शोधही व्यवस्थित चालला. म्हणजे ॲप धडधाकट होते, वाट तेवढी अडली होती. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून दुसरे ॲप बंद केल्यावर जोडी परत मिळाली. शॉर्टकट वगळून चौकट उघडते का, ही चाचणी मी आता सर्वांत आधी करतो आणि इतरांनाही तीच सुचवतो.

अनुवादक

माझे निम्मे काम देवनागरीत चालते आणि कीबोर्ड इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी) आहे. लॉन्चर उघडत असे, पण रोज वापरातले प्रोग्रामसुद्धा त्याला अधूनमधून सापडत नसत. कॅल्क्युलेटरसाठी सवयीने सी, ए, एल, सी ही बटणे दाबली की चौकटीत ‘मोतम’ उमटे आणि खाली रिकामी यादी येई. नजर चौकटीवर नसून पुढच्या वाक्यावर असल्यामुळे हे लक्षात यायलाच वेळ लागला. आधी ज्या खिडकीत मराठी लिहीत होते तिचीच भाषा लॉन्चरच्या चौकटीला लागू होत होती.

यावर दोन उपाय आहेत. विंडोजच्या प्रगत कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याचा पर्याय मिळतो. मॅकवरील अल्फ्रेड आणि रेकास्ट या लॉन्चरांत तर चौकट उघडताच ठरावीक कीबोर्ड लावण्याची सोयच आहे. जिथे यांपैकी काही नाही, तिथे मी नेहमीच्या प्रोग्रामांना देवनागरीतही टोपणनावे देऊन ठेवली आहेत. ‘मोतम’ हे आता माझ्याकडे कॅल्क्युलेटरचे रीतसर टोपणनाव आहे आणि ते उत्तम चालते.

अभिलेख विभागातला कर्मचारी

वरच्या अनुभवाला जोडूनच लिहितो, कारण मराठी फाइलनावे ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोवणार आहे. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ या नावाची फाइल फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसत होती, पण लॉन्चरमध्ये तेच नाव पूर्ण लिहूनही ती सापडत नव्हती. ‘यादी’ एवढेच लिहिले की मात्र लगेच वर येई. इंडेक्स बिघडला असावा असे समजून तो पुन्हा बांधून घेतला, तरी फरक पडला नाही. मग शब्द एकेक अक्षराने लिहीत गेलो. ‘कर्मचा’पर्यंत फाइल यादीत टिकत होती आणि ‘ऱ्या’ उमटताच ती नाहीशी होत होती.

हे जोडाक्षर दोन प्रकारे लिहिले जाते. काही कीबोर्ड युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला) स्वतंत्र ‘ऱ’ (यू+०९३१), त्यापुढे हलंत आणि य असा क्रम लावतात, तर काही साधा र, हलंत, त्यानंतर न दिसणारा शून्य-रुंदी जोडक आणि मग य असा क्रम लावतात. पडद्यावर दोन्ही रूपे अगदी सारखी दिसतात. शोध घेणारा प्रोग्राम मात्र त्यामागचे सांकेतांक जुळवत असतो आणि ते वेगळे असल्यामुळे त्याच्या लेखी हे दोन निरनिराळे शब्द ठरतात. युनिकोडच्या ठरलेल्या समानीकरणानेही हा भेद मिटत नाही, कारण त्या नियमांत ‘ऱ’ हा नुक्ता (खालचे टिंब) दिलेल्या र शी समान मानलेला आहे, जोडक लावलेल्या र शी नाही. आमच्या विभागात फाइली अनेक संगणकांवरून येत असल्याने दोन्ही प्रकारची नावे एकत्र नांदत होती. शेवटी नाव बदलण्याच्या साधनाने सगळीकडे एकच रूप करून घेतले. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी अशा शब्दाचा आधीचा तुकडा किंवा नावातला दुसरा शब्द शोधावा. शोधयंत्रणा लिहिणाऱ्यांनी मराठीचा हा व्यवहार ध्यानात घ्यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

प्रोग्रामर

लक्षण : घरून काम करताना लॉन्चर प्रत्येक अक्षरानंतर थबके, कार्यालयात मात्र विजेसारखा चाले. संगणक तोच, ॲप तेच आणि सेटिंगही तीच.

ज्यांनी प्लगइन लिहिले आहेत त्यांना ठाऊक असेल की पुष्कळ लॉन्चरांत टंकलेले प्रत्येक अक्षर सर्व चालू प्लगइनांकडे पाठवले जाते आणि ज्याला उत्तर देता येईल तो देतो. त्यांतला एक जरी अडून बसला आणि ॲपने त्याच्यासाठी वाट पाहायचे ठरवले, की सगळी चौकट गोठते. मी आधी वाय-फाय पूर्ण बंद केले. लॉन्चर तत्क्षणी झटपट चालू लागला! नेट मुळीच नसेल तर विनंती लगेच अयशस्वी होते आणि गोष्ट तिथेच मिटते. नेट आहे पण पलीकडचा सर्व्हर सापडत नाही, अशा वेळी मात्र ठरलेली मुदत संपेपर्यंत ताटकळावे लागते. म्हणजे कुणीतरी प्लगइन अशा पत्त्यावर जात होते जो घरून व्हीपीएनशिवाय (कार्यालयाच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणीशिवाय) गाठता येत नाही.

कोणते, हे शोधण्यासाठी एकेक प्लगइन बंद करत बसू नये. निम्मी बंद करावीत. त्रास थांबला तर दोषी त्या निम्म्यांत आहे, नाही तर उरलेल्यांत, आणि मग त्या गटाचे पुन्हा दोन भाग करावेत. सोळा प्लगइन असले तरी चार फेऱ्यांत नाव कळते. माझ्याकडे कार्यालयातल्या अंतर्गत ज्ञानकोशात शोध घेणारे प्लगइन निघाले. ते काढून न टाकता मी त्याला एक अक्षर उपसर्ग म्हणून नेमून दिले, त्यामुळे ते अक्षर आधी लिहिल्याशिवाय त्याला आता विचारणाच होत नाही.

(धागाकर्ता) निम्मी-निम्मी बंद करण्याच्या या पद्धतीला एक पुस्ती जोडतो. त्यापूर्वी सेटिंगच्या फोल्डरची एक प्रत अवश्य काढून ठेवावी. काही ॲप प्लगइन बंद करताना त्याचे उपसर्ग आणि टोपणनावेही पुसून टाकतात.

लिनक्स वापरणारी

नवी आवृत्ती बसवल्यावर शॉर्टकट अर्धवट चालू लागला. काही जुन्या प्रोग्रामांच्या खिडकीत असताना लॉन्चर येई, फाइल मॅनेजरमध्ये असताना येत नसे. हे ‘अर्धवट’ चालणेच खरी खूण होती. उबुंटू या लिनक्स प्रणालीने २१.०४ या आवृत्तीपासून बहुतेक संगणकांवर वेलँड (खिडक्या पडद्यावर मांडणारी नवी यंत्रणा) हे मूळ सत्र केले, आणि वेलँडमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत दाबलेली बटणे ऐकू येत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण जुन्या एक्स११ च्या पद्धतीने शॉर्टकट नोंदवणाऱ्या लॉन्चरांची त्यात पंचाईत होते. एक्स११ साठी लिहिलेल्या प्रोग्रामांच्या खिडक्यांपुरता त्यांचा कान शाबूत राहतो.

मार्ग सोपा आहे. शॉर्टकट लॉन्चरमध्ये न ठेवता ग्नोम किंवा केडीई या डेस्कटॉपांच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये स्वतंत्रपणे नोंदवावा आणि त्याला लॉन्चरची चौकट उघडणारी आज्ञा जोडावी. यूलॉन्चरमध्ये ‘यूलॉन्चर-टॉगल’ ही आज्ञा नेमकी यासाठीच आहे. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकने (प्रोग्राम बसवण्याच्या वेगळ्या पद्धतींनी) बसवलेले प्रोग्राम यादीत येत नसतील, तर लॉन्चर कोणत्या फोल्डरांतल्या डेस्कटॉप फाइली (प्रोग्रामचे नाव व आज्ञा नोंदलेल्या फाइली) वाचतो तेही पाहावे, कारण या दोहोंची फोल्डरे नेहमीच्या ठिकाणी नसतात.

मॅकवर लेखन करणारा

माझ्याकडे लॉन्चर उघडत होता, शोधत होता, पण आखूड संक्षेप लिहिल्यावर पूर्ण मजकूर आपोआप उमटवण्याची त्याची सोय मधूनच बंद पडे. परवानग्या तपासल्या, तर ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत ॲपपुढची खूण जागच्या जागी होती.

कारण वेगळेच निघाले. मॅकवर पासवर्ड लिहिताना चालू प्रोग्राम सुरक्षित इनपुट सुरू करतो आणि तेवढा वेळ इतर कोणत्याही प्रोग्रामला टंकलेली अक्षरे वाचता येत नाहीत. पासवर्ड लिहून झाल्यावर त्याने ते बंद करायचे असते, पण एखादा प्रोग्राम विसरतो आणि मग संक्षेप ओळखणारी यंत्रणा आंधळी होते. टर्मिनलमध्ये ‘ioreg -l’ या आज्ञेच्या उत्तरात ‘SecureInput’ हा शब्द शोधला की त्यापुढे दोषी प्रोग्रामचा प्रक्रिया क्रमांक मिळतो, आणि ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये त्या क्रमांकावरून नाव कळते. तो प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की काम होते. टर्मिनलच्या स्वतःच्या मेनूतही सुरक्षित कीबोर्ड इनपुटचा पर्याय असतो, त्यावर खूण आहे का ते सर्वांत आधी पाहावे.

फाइली सापडत नसतील तर मॅकवर आणखी एक गोष्ट पाहायची. काही लॉन्चर स्वतःची यादी न करता स्पॉटलाइट या मॅकच्या स्वतःच्या शोधसोयीचाच इंडेक्स वापरतात. तीच फाइल स्पॉटलाइटमध्येही मिळत नसेल, तर लॉन्चरला हात लावू नये. स्पॉटलाइटच्या गोपनीयता यादीत ती डिस्क घालून पुन्हा काढली की इंडेक्स नव्याने बांधला जातो. त्याला बराच वेळ लागू शकतो, आणि तो पूर्ण होईपर्यंत मिळणारी उत्तरे अपुरी असतात.

लेखापाल

माझा अनुभव छोटा आहे. कार्यालयातला दुसरा मॉनिटर काढून लॅपटॉप घरी आणला की शॉर्टकट दाबल्यावर काहीच दिसत नसे, पण मी लिहिलेली अक्षरे चालू खिडकीतही उमटत नसत. ती कुठेतरी जात होती, यावरून चौकट उघडते आहे पण नसलेल्या पडद्यावर, हे कळले. चौकट कुठे उघडावी या सेटिंगमध्ये ‘शेवटची जागा’ याऐवजी ‘माउस असलेला पडदा’ निवडले. चौकटच दिसत नसल्याने सेटिंगपर्यंत पोचायचे कसे, हा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी ट्रेमधल्या चिन्हावर उजवे क्लिक करावे. तिथला मेनू चौकटीवर अवलंबून नसतो.