धारची टायटॅनोसॉर अंडी आणि पक्ष्यांचा वंश: नेमके नाते कोणते?

माळवाकर, इंदूर
सप्रेम नमस्कार. इंदूरशेजारच्या धार जिल्ह्यात, बाग परिसरात, टायटॅनोसॉर या डायनासोरांची अंडी सापडली आहेत, हे आपणांस ठाऊक असेलच. त्यांपैकी एका अंड्याच्या आत दुसरे अंडे असल्याचे दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 साली प्रसिद्ध केले. असा प्रकार तोवर केवळ पक्ष्यांत आढळला होता. मग पक्षी टायटॅनोसॉरांचेच वंशज मानायचे का? हा प्रश्न माझ्या पुतणीचा आहे आणि तिला नेमके उत्तर मिळावे अशी इच्छा आहे.

सिरपूर-पक्षिमित्र
तसे मानता येणार नाही. टायटॅनोसॉर हे लांब मानेचे, चार पायांवर चालणारे शाकाहारी प्राणी होते. पक्षी निपजले ते डायनासोरांच्या दोन पायांवर चालणाऱ्या थेरोपॉड शाखेतून, आणि या दोन शाखा 20 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या होत्या.

तरीही त्या अंड्याचे मोल कमी होत नाही. कोंबडीच्या पोटात तयार झालेले अंडे क्वचित मागे ढकलले जाते, मागून येणाऱ्या अंड्याला भिडते आणि दोहोंवर मिळून नवे कवच चढते. टायटॅनोसॉरांतही हे घडले असेल, तर त्यांची अंडनलिका काही अंशी पक्ष्यांसारखी असावी. हे साम्य चुलत घराण्यातले आहे.

थेरोपॉडांशी असलेले नाते मात्र हाडांतच दिसते. सिरपूर तलावाच्या काठी वंचक बगळा उतरला की त्याचे पंख मिटताना पाहावेत: मनगट वर-खाली न वाकता बाजूला वळते. हे साधते ते मनगटातल्या अर्धचंद्राकृती हाडामुळे. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी 1969 साली वर्णन केलेल्या डायनोनिकस या थेरोपॉडाच्या मनगटाची रचनाही तशीच होती, आणि पक्षी डायनासोरांतून निपजले का, हा थंडावलेला वाद त्यांच्याच कामामुळे पुन्हा उभा राहिला.

जीवाश्म-वाचक
यात एक भर घालतो. थेरोपॉडांना गळ्याखालची हाडे नव्हती, म्हणून ते पक्ष्यांचे पूर्वज असू शकत नाहीत, असा आक्षेप गेरहार्ड हाइलमान यांनी 1926 सालच्या ग्रंथात घेतला होता आणि तो कित्येक दशके ग्राह्य धरला गेला. पुढे ती हाडे सापडली. कोंबडीच्या छातीपुढे असते तसे दुबेळके हाड टायरॅनोसॉरस या थेरोपॉडालाही होते. चीनमधील ल्याओनिंग प्रांतातून 1996 साली सायनोसॉरोप्टेरिक्स हा थेरोपॉड उजेडात आला, आणि त्याच्या अंगावरच्या तंतुमय पिसांनी उरलीसुरली शंकाही बरीचशी मिटवली.

माळवाकर, इंदूर
आपला आभारी आहे. थेरोपॉड अंडी उबवीत असत काय?

सिरपूर-पक्षिमित्र
काही नक्कीच उबवीत असावेत. टायटॅनोसॉरांना प्रचंड वजनामुळे अंड्यांवर बसणे शक्यच नव्हते. गोबी वाळवंटात मात्र ओव्हिरॅप्टरच्या कुळातले थेरोपॉड घरट्यावर बसलेल्या स्थितीतच, पुढचे हात अंड्यांभोवती पसरलेले असे, जीवाश्मरूपात मिळाले आहेत. त्या घरट्यांतली अंडी जोडीजोडीने मांडलेली दिसतात, कारण त्या माद्यांच्या दोन्ही अंडनलिका काम करीत होत्या. आजच्या बहुतेक पक्ष्यांत केवळ डावीच कार्यरत असते, म्हणून एका वेळी एकच अंडे बाहेर येते.