स्टीअरिंगचा कॉलम बदलण्याआधी स्पीडचा सिग्नल तपासायलाच हवा

सातारकर:
गाडी २०१४ ची, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग (म्हणजे स्टीअरिंग फिरवायला मोटर मदत करते), एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. गेल्या पावसाळ्यात खंबाटकी घाट ओलांडल्यावर, ऐंशीच्या वेगात, स्टीअरिंग एकदम पार्किंगमध्ये असतं तसं हलकं झालं. त्याच क्षणी स्पीडोमीटरचा काटा शून्यावर. थोड्या वेळाने दोन्ही एकदमच ताळ्यावर. बायको-मुलं गाडीत होती, हात थरथरत होते माझे. वर्कशॉपने एक फेरीही न मारता सांगितलं, अख्खा कॉलम (स्टीअरिंगमागचा दांडा, मोटरसकट) बदला, चाळीस हजार.

काटा आणि स्टीअरिंग एकाच वेळी बिघडतात, तर दोघांना जिथून वेग कळतो ती जागा आधी बघायला नको? कमी वेगात मोटरने जास्त जोर लावायचा, वेग वाढला की कमी, असा हा हिशेब. वेग शून्य दिसला की माझ्यासारख्या गाडीत मोटर पूर्ण जोर लावू शकते. माझ्याकडे सेन्सर गिअरबॉक्सवर आहे. कनेक्टर उघडला, तर पिन हिरवी पडलेली. साफ केली, त्यानंतर एकदाही त्रास नाही.

जुना गॅरेजवाला:
दादा, तुमचं नशीब चांगलं. टॉर्क सेन्सर, म्हणजे तुम्ही स्टीअरिंगला किती जोर लावता ते मोजणारा, बऱ्याच गाड्यांत कॉलमसोबतच येतो, सुटा मिळत नाही. पिन साफ करून गिऱ्हाईक सोडलं आणि घाटात पुन्हा तेच झालं, तर जबाबदार कोण? स्टीअरिंगच्या बाबतीत मी धोका पत्करत नाही. सगळा कॉलम बदलतो.

सातारकर:
पण काका, कॉलम नवा आणि पिन तीच, म्हणजे घाटात पुन्हा तेच होणार! टॉर्क सेन्सर गेल्यावर स्पीडोमीटरचा काटा कशाला पडेल?

वायरिंगवाला:
सातारकरांचं निदान बरोबर, पण नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. चाक जॅकवर घेऊन हळू फिरवलं तर हॉल सेन्सरचा (चुंबकाच्या आधारे वेग ओळखणाऱ्या सेन्सरचा) व्होल्टेज वर-खाली होताना दिसतो. वेगात मात्र मीटर सरासरीच दाखवतो, मधल्या दोन-चार पल्स (सिग्नलचे ठोके) गेल्या तरी कळत नाही. त्याला स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लागतो. आणि वायरिंग हलवून बघा, अर्थिंगची (ग्राउंडची) वायर तपासा. सेन्सर चांगला आणि वायर आतून तुटलेली, हे मी कितीदा पाहिलंय.

नाशिकची ड्रायव्हर:
एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाड्यांत वेग बहुतेक वेळा चाकांच्या सेन्सरकडून येतो, तेव्हा गिअरबॉक्सवर शोधत बसू नका. माझ्या गाडीची बेअरिंग बदलल्यावर एबीएसचा दिवा लागला आणि स्टीअरिंग हलकं नाही, उलट जड झालं; काही गाड्या बिघाड ओळखून मोटरची मदतच कमी करतात. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग लावले, तर एक शून्य. बेअरिंग उलटी बसवली होती, सेन्सर ज्यावरून वेग वाचतो ते चुंबकीय कडं सेन्सरच्या विरुद्ध बाजूला!

जुना गॅरेजवाला:
ताई, हे मान्य. स्कॅनर लावून वेग बघायला दहा मिनिटं लागतात, ती द्यायलाच हवीत. पण सातारकर, तुम्ही पिन साफ केलीत तेवढ्यावर थांबू नका. कनेक्टर नवा टाका, पाऊस पुन्हा येतोय.